स्वयंपाकघरातलं सिंदेवाही

भर बाजारात, वांगी निवडत बसलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारून "काय मूल, आज लेट काऊन झाले?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी बरीच वर्षं पाहिला. वांगी निवडणारा माणूस मीच असायचो.

मूल हे आमच्याकडचं तालुक्याचं गाव. चांदा फोर्टहून नागभीडला छोटी गाडी जाते, तिच्या वाटेवर केळझर सोडलं की लागतं. मी चंद्रपूरच्या पोस्टातला साधा कारकून. पण थाप मारणाऱ्या रामटेकेभाऊंच्या लेखी मी म्हणजे ते स्टेशन होतो. रेडिओ दुरुस्त करणारे बशीरभाई म्हणजे केळझर. चित्रकलेचे गेडाम मास्तर म्हणजे नागभीड. आणि भाऊ स्वतः सिंदेवाही. आमची खरी नावं त्यांना ठाऊक होती की नाही, याची मला आजही शंका आहे.

भाऊंनी सव्वीस वर्षं त्या लाइनीवरच्या जंगलातल्या स्टेशनांवर मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या गल्लीत एकापाठोपाठ एक तीन खोल्यांचं घर घेतलं आणि त्या तिन्ही खोल्यांतून आगगाडी नेली. सायकलचे आरे जोडून केलेले रूळ, आरागिरणीतल्या सागाच्या तुकड्यांचे डबे, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन. बशीरभाईंनी मोडक्या टेपरेकॉर्डरांच्या मोटरी काढून त्यात बसवल्या होत्या. गेडाम मास्तरांनी लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन जंगल केलं होतं. ते इतकं दाट झालं, की मधल्या खोलीत गाडी त्यात शिरली की ती बाहेर पडायची आम्ही खरंच वाट बघायचो.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही चौघं जमायचो. हा आमचा क्लब. आधी घासलेटच्या बोळ्याने रूळ पुसायचे, कारण चंद्रपुरात कोळशाची काजळी पाण्याच्या माठापासून देवाच्या फोटोपर्यंत सगळीकडे बसते. मग जो तो आपापल्या स्टेशनवर. केळझर ओसरीत, मी मधल्या खोलीत, सिंदेवाही स्वयंपाकघरात, नागभीड मागच्या पडवीत. भिंतींना भोकं पाडली होती, त्यांतून गाडी जायची. कोणाला कोणी दिसायचं नाही, आणि स्टेशन सोडून उठायला सक्त मनाई होती.

बोलायचं ते घंटीने. मला गाडी सिंदेवाहीला पाठवायची असेल, तर मी बटण दाबायचं. स्वयंपाकघरात घंटी वाजायची. तिकडे रूळ मोकळा असला की भाऊ दोनदा घंटी देणार, म्हणजे लाइन क्लिअर मिळाली. मग मी गाडी सोडायची. अकरा फुटांचं अंतर. एकदा मी ओरडून विचारलं, "भाऊ, सोडू काय?" भिंतीपलीकडून उत्तर आलं, "मूल, केळझरले ऐकू जाऊन राह्यलं. स्टेशन पंचवीस किलोमीटर दूर आहे. घंटी द्या."

या माणसाला समोरासमोर बोलताच येत नसे. चहा पिताना चौघं एकत्र बसलो की भाऊ कपात बघत राहायचे. कोणी तब्येतीचं विचारलं तर "टाइमवर आहे" म्हणायचे. पण स्वयंपाकघरात जाऊन बसले की त्यांची घंटी अशी टणटणीत वाजायची, की वाटे हा माणूस आता गप्पा मारतो आहे.

मधल्या खोलीत माझ्या टेबलाच्या वर, फळीवर बुद्धमूर्ती होती आणि तिच्याशेजारी सुमनबाईंचा, भाऊंच्या पत्नीचा, फोटो. त्या सावली गावच्या शाळेत शिकवायच्या. भाऊ जंगलात, त्या सावलीत. सुटी मिळेल तशी भेट. नोकरी संपली की चंद्रपुरात एकत्र राहायचं म्हणून हे घर दोघांनी मिळून पाहून ठेवलं होतं. भाऊंच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्या गेल्या. निरोप आला तेव्हा स्टेशनात गाडी उभी होती. ती रवाना करून मग भाऊ निघाले, असं बशीरभाई सांगायचे. भाऊंना हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आता त्या 'मूल'बद्दल. भाऊंचा आवाज मोठा, आणि बाजार लहान. "मूल कसं आहे?" "मूल आज येणार ना?" असं भाऊ माझ्या बायकोला विचारताना दर चार दिवसांनी ऐकून भाजीवाल्या बाईंनी तिला एकदा हात धरून विचारलं, "बाई, कितवा महिना?" आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. शांता घरी येऊन मला हे हसत हसत सांगायला लागली, आणि सांगता सांगता आत निघून गेली. नंतर तिने बाजारात जाणंच सोडलं.

मी भाऊंना सांगितलं. अर्थात सांगणार कसं? रविवारी चहाच्या वेळी, कपात बघत. ते कप विसळायला उठले. मला वाटलं, कळलंच नाही. पुढच्या रविवारी गेलो तर माझ्या टेबलावर नवी पाटी होती, पांढऱ्यावर काळ्या रंगात, भाऊंच्या अक्षरात: राजोली.

"आजपासून तुम्ही राजोली," भाऊ म्हणाले.

"आणि मूल?"

"त्या स्टेशनावर गाडी थांबत नाई आता."

ज्या माणसाने सिंदेवाहीच्या पाण्याच्या टाकीला एक पाय तिरका का आहे यावर मास्तरांशी दोन रविवार वाद घातला होता, त्याने माझ्या बायकोसाठी लाइनीवरचं एक अख्खं स्टेशन उचललं होतं. शांताला मी हे सांगितलं. मग तिने डबाभर चिवडा केला आणि म्हणाली, "सिंदेवाहीले द्या."

पुढे गेडाम मास्तरांची बदली सिरोंच्याला झाली. पडवीतलं नागभीड बंद पडलं. भाऊंनी तिथल्या पाटीवर फडकं बांधलं आणि गाड्या सिंदेवाहीपर्यंतच चालू लागल्या. मग बशीरभाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. बारीक तारा दिसेनात. दुकान बंद करून ते नागपूरला मुलीकडे जायला निघाले. सोमवारी सकाळी जाणार, म्हणून आदल्या संध्याकाळी शेवटच्या गाड्या चालवायच्या ठरल्या.

पौषाचे दिवस होते. साडेपाचलाच घरात अंधारून आलं. रूळ पुसले आणि आपापल्या जागी बसलो. एक गाडी गेली, आली. दुसरी गेली, आली. शेवटची पॅसेंजर केळझरहून निघून माझ्याकडे आली. मी सिंदेवाहीला घंटी दिली.

उत्तर नाही.

पुन्हा दिली. स्वयंपाकघरात वाजलेली मला ऐकू आली. उत्तर नाही. गाडी माझ्यासमोर उभी. ओसरीतून बशीरभाईंचा खोकला आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्टेशन सोडून उठलो.

भाऊ आपल्या टेबलाशी ताठ बसले होते. समोरचा रूळ मोकळा होता. हात बटणावर होता, दाबलेला नव्हता.

"भाऊ, लाइन क्लिअर काऊन नाई देऊन राह्यले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लाइनीवर गवा आहे," ते म्हणाले.

मी मोकळ्या रुळाकडे पाहिलं. ही गाडी सिंदेवाहीला पोचली की नोंदवहीत वेळ लिहायची, आणि मग बशीरभाई उठणार. मधल्या खोलीतून चालत मी ओसरीत आलो. बशीरभाईंनी चष्मा काढून हातात धरला होता.

"क्या हुआ?"

"लाइनीवर गवा आहे म्हणते."

बशीरभाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"बड़ा है क्या?"

"मोठा आहे."

"फिर तो टाइम लगेगा," ते म्हणाले, आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसले.

मीही माझ्या जागी येऊन बसलो. तीन खोल्यांत तीन माणसं, मधे उभी गाडी. कोणी दिवा लावला नाही. किती वेळ गेला ते वहीत असेल. मी पाहिलं नाही. मग दोनदा घंटी झाली, नेहमीइतकी टणटणीत नव्हे. मी गाडी सोडली. ती भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली.

बशीरभाई सोमवारी गेले.

पुढच्या रविवारी जाऊ की नको, असं माझं झालं होतं. शांताने बळेच पाठवलं. मधल्या खोलीत पाहतो तर माझं टेबल जागेवर नाही. आत गेलो. भाऊंनी ते उचलून स्वयंपाकघरात, स्वतःच्या टेबलाला लावून ठेवलं होतं. राजोली आणि सिंदेवाही, मधे वीतभरसुद्धा अंतर नाही. मी सवयीने बटण शोधू लागलो.

"घंटी काढली म्या," भाऊ म्हणाले. खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग घसा साफ करून, मोठ्या कष्टाने, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बसा. शांताबाई कशा आहेत?"