गुडघ्यावर टाचलेली कांजी

माझी स्मरणशक्ती म्हणजे भिंतीतला खिळा! एकदा ठोकला की निघायचं नाव नाही. म्हणून जपानी भाषेच्या तोंडी परीक्षेत पास होणाऱ्याला कंपनी परदेशी प्रशिक्षणाला पाठवणार हे कळताच मी बायकोला म्हणालो, "मी गेल्यातच जमा आहे!"

तेवढ्यात एक कांजी आडवी आली. कांजी म्हणजे जपानी चित्राक्षर, कपड्यांना लावतात ती नव्हे! एवढंसं अक्षर, पण कुठे 'सेइ' वाचायचं, कुठे 'शो', कुठे 'नामा', कुठे 'हाएरु'. बरं, अर्थ तरी एक? जगणं, जन्मणं, कच्चं, उगवणं! एका अक्षराने किती घरचे पाहुणचार झोडावेत!

पण मीही हट्टी. परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रत्येक उच्चाराची चिठ्ठी केली आणि अंगातल्या चांगल्या पॅन्टवर गुडघ्यापासून खाली टाचण्यांनी टाचली. खुर्चीत बसायचं, खाली बघायचं, घोकायचं. गुडघा म्हणजे सेइ, नडगी म्हणजे शो. सगळं तोंडपाठ! खुशीत पॅन्ट बायकोच्या शिलाई मशीनवर टाकली आणि आंघोळीला गेलो.

बायको शिवणकाम करते. कपडा जिथवर आखूड करायचा, तिथे टाचणीने मापाची चिठ्ठी लावून गिऱ्हाइकं तिच्या मशीनवर ठेवून जातात.

बाहेर आलो तर ती हसतमुख.

"अहो, तुमचंही काम उरकलं बघा!"

"कुठलं काम?"

"पॅन्ट कापली की! एका पायाची टाचणी गुडघ्यावर, दुसऱ्याची खाली. तुम्हाला मेलं मापातलं काही कळत नाही. मी दोन्ही पाय सारखे केले, नाहीतर लोक हसले असते!"

"अगं, परीक्षेला काय घालू?"

"मग आधी बोलायचं ना!"

बाकीच्या पॅन्ट बादलीत भिजत होत्या. गेलो तसाच! वर कोट-टाय, खाली उघडे गुडघे.

जपानी साहेबांनी फळ्यावर नेमकी तीच कांजी काढली. "उच्चार आणि अर्थ सांगा."

सवयीने मी खाली पाहिलं. गुडघा कोरा! सगळं पाठांतर कापलेल्या तुकड्यांबरोबर घरी राहिलं होतं. गेला परदेश! साहेबही वाकून माझ्या नडग्या बघायला लागले. तिथे केसांचं रान माजलेलं. आणि एकदम आठवलं!

"हाएरु!" मी पाय पुढे करून ओरडलो. "उगवणं! हे बघा, केस उगवलेत!"

साहेब आधी दचकले, मग टेबल बडवून हसले आणि हसता हसता त्यांनी मला चक्क पास केलं!

छाती फुगवून घरी आलो.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "एवढ्या हुशार मंडळींतून तुम्ही? कशावर पास झालात हो?"

आता काय सांगणार, कप्पाळ! "केसांवर," मी पुटपुटलो.

ती बराच वेळ माझ्या टकलाकडे बघत राहिली.