टेबलावरील आगगाडीच्या पहिल्या फेऱ्याची हकिकत

विज्ञापना ऐसी जे, मागील खोलीत जी टेबलावरची आगगाडी उभी राहिली, तीस फिरावयास इतका विलंब का जाहला आणि त्या मोहिमेत कोण कैसे लढले, हे जाणत्यांनी पुसिले. तरी घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही, अगदीच गरज पडली तर थोडके घालीन.

राजमान्य मास्तरसाहेब, कुंचलाबहाद्दर, शाळेतील चित्रकलेच्या तासाचे निवृत्त सुभेदार, यांणी नोकरीतून मोकळे होतांच मागील खोली काबीज केली. तेथे पूर्वी बाईसाहेबांचे शिलाई मशीन नांदत होते. ते बोळात रवाना केले आणि खोलीभर टेबल मांडून त्यावर डोंगर, बोगदा, पूल आणि एक टुमदार स्टेशन वसविले. बाईसाहेब बोळात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात शिवण करीत राहिल्या. मग त्यांची सबुरी सरली आणि तह जाहला, त्याचे कलम एकच: रविवारी बाईसाहेबांचे बंधू जेवावयास येतील, त्यांचे देखत गाडीने, कोणी हात न लावता, एक फेरा पुरा करावा, न केल्यास टेबल माळ्यावर आणि मशीन खोलीत. मास्तरांनी मिशीवर ताव देऊन रुकार दिला. मिशी नव्हती, तरी दिला.

शनिवारी सकाळी चाचणीचे शिंग फुंकिले. इंजिन डौलात निघाले आणि पूल ओलांडून बोगद्यातून सुखरूप बाहेर पडले आणि मग स्टेशनाचे तोंडाशी येऊन जे थबकले ते थबकलेच. बोटाने ढकलीत स्टेशन पार केले की पुन्हा दौडे. दुसऱ्या फेऱ्यास पुन्हा तेथेच गारद. मग मसलत बसली. मसलतीस मास्तर एकटेच होते, तरी मतभेद फार जाहले. प्रथम वीजपेटीवर संशय धरून ती खोलिली आणि मिटविली, तो एक स्क्रू जादा उरला. मग इंजिनाचे पोट फाडून त्यात तेल घातले, ते तेल सदऱ्यावर आले. मग मास्तर खासा टेबलाखाली उतरले आणि पाठीवर निजून तारांचे जंजाळात शिरले आणि जुन्या तारा तोडून नव्या जोडिल्या आणि उठताना टेबलास डोके देऊन डोंगराचे शिखर पाडिले. तरी इंजिन बधेना. तेव्हा फर्मान निघाले की घरातील इस्त्री सारी वीज ओढून घेते, सबब इस्त्री बंद. बाईसाहेबांनी फर्मान शिरसावंद्य मानिले आणि मास्तरांचा रविवारचा सदरा चुरगळलेलाच खुंटीस लाविला.

दिवेलागणीस मास्तर नामोहरम होऊन स्टेशनापाशी बसले. मेहुणे हसतील याचे दुःख होतेच. परंतु शाळा सुटल्यापासून सकाळी उठावे कशासाठी, याचे उत्तर ही एक खोली होती, आणि ती उद्या जाणार होती. मन रमवावे म्हणून त्यांणी रुळांकडे पाहिले. स्टेशन लोक जवळून पाहतात, सबब तेथील रूळ खरे दिसावेत म्हणून मास्तरांनी बारीक कुंचल्याने त्यांस गंजाचा रंग दिला होता, चांगले दोन हात, बाजूने आणि वरूनही, कोठे कोरा ठिपका न राखिता. तो नीट वाळला की नाही म्हणून अडलेल्या इंजिनाचे चाकापाशी नखाने खरवडून पाहिला, आणि इंजिनाची वीज बंद करावयाची राहिली होती, ते टुणकन बोटभर पुढे उडाले.

मास्तर चपापले. आणखी खरवडले, आणखी उडाले. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजिनास वीज मिळते ती उघड्या रुळातून चाकास, आणि मास्तरांनी तो रूळच रंगाखाली गाडून टाकिला होता. ज्या गनिमास दिवसभर वीजपेटीत, इंजिनात आणि इस्त्रीत धुंडिले, तो आपलेच उजव्या हाती कुंचला घेऊन बसला होता.

आता आपल्या हयातीतील सर्वोत्तम गंज आपणच पुसणे प्राप्त जाहले. मास्तर चिंधी घेऊन घासू लागले, हात भरून आले. तो बाईसाहेब आल्या आणि बाह्या सारून समोर बसल्या आणि पलीकडचा रूळ घासू लागल्या.

मास्तरांनी खालच्या मानेने विचारिले, "अगं, तुला तर खोली हवी होती ना? गप्प बसली असतीस तर उद्या आपोआप मिळाली असती."

"हवीच आहे," बाईसाहेब घासता घासता म्हणाल्या. "पण हरलेला नवरा घरात ठेवायचा म्हणजे त्याहून मोठी जागा लागते. आता बोलत बसू नका, तो कोपरा राहिलाय."

रविवारी मेहुणे हाताची घडी घालून उभे राहिले. गाडी निघाली, पूल जाहला, बोगदा जाहला, आणि स्टेशन येताच मास्तरांनी डोळे घट्ट मिटिले, त्यामुळे फत्तेचा ऐन क्षण त्यांस दिसलाच नाही. बाईसाहेबांस दिसला, त्यांणी टाळ्या पिटिल्या. गाडी मागेही जाते का, ऐसे मेहुण्यांनी पुसिले. त्याची दखल घेण्याचे कारण नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन मुलूख मास्तरांकडे कायम जाहला. मग दुसरे दिवशी मास्तरांनी, कोणी न सांगता, डोंगराचा एक उतार करवतीने कापिला आणि टेबल भिंतीस सारिले आणि मशीन आणून खिडकीशी ठेविले. हल्ली मशीन चालू लागले की टेबल हादरते आणि स्टेशनात उभे असलेले डबे रुळावरून उतरतात. मास्तर उठतात, डबे जागी ठेवितात आणि शिवण आणखी किती राहिली, इतकेच विचारितात. जय तो हाच, आणि तो येथे नमूद केला असे.