रब्बी फुटबॉल

पांढरकवड्याला हायवेवर गॅरेज चालवणाऱ्या मन्सूरला फुटबॉलमध्ये कोणी अक्कल शिकवलेली खपत नसे. पण घरचीच पोरगी, नसरीन, त्याचं ऐकत नव्हती. किक जबरदस्त, पण चेंडू दरवेळी गोलच्या दांडीवरून पार. त्यापायी शाळेच्या संघातून तिचं नाव कटलं. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही आणि बापाचा जीव तुटला. अशात पुंडलिकराव ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आले.

"मन्सूरभाई, यवतमाळले पोरींच्या रब्बी फुटबॉलची निवड हाय म्हन्ते रविवारी."

"रब्बी?"

"खरीप निघाल्यावर खेळत असतीन!"

मन्सूरला ते तंतोतंत पटलं. रविवारपर्यंत त्यानं नसरीनला गॅरेजमागे जुंपलं. "दांडीच्या खालून मार! अन् हात लावशीन तं याद राख!"

यवतमाळच्या मैदानावर पाहतो तर चेंडू पपईसारखा लांबट. कोणीतरी त्यावर बसलं असावं, असं त्याला वाटलं. शिट्टी वाजली आणि एका पोरीनं चेंडू सरळ काखोटीला मारून धूम ठोकली.

"हँड! हँड!" मन्सूर ओरडला. "सर, हातात घेतला नं तिनं!"

"घ्याचाच असते, भाऊ," निवड करणारे धरमसिंग सर म्हणाले. "रग्बी हाय हे."

"तेच म्हनून राह्यलो, रब्बी!"

त्या पोरीनं चेंडू दुसरीला दिला, तोही मागे फेकून. दुसरीनं रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवला. "ट्राय!" सर आनंदानं ओरडले.

"ट्रायच करून राह्यल्या कवाच्या," मन्सूर कळवळला. "गोल कधी करतीन?"

 सरांनी नसरीनला किक मारायला बोलावलं. दोन उंच खांब, मधे आडवी दांडी. नसरीननं श्वास रोखला आणि चेंडू दांडीखालून अलगद काढला.

"शाब्बास!" मन्सूर नाचला. एकटाच.

"वरून जायले पायजे, बेटा," सर म्हणाले. "आता शेवटची."

नसरीन रडवेली होऊन बापाकडे बघू लागली. मन्सूरला काहीएक कळत नव्हतं, पण पोरीचा चेहरा कळत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो उलटं ओरडला, "वरून! बेटी, वरून मार!"

चेंडू दांडीवरून गेला, मागच्या कडुलिंबावरून गेला. सवयीनं मन्सूरनं कपाळावर हात मारला. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तोच हात त्यानं हळूच केसांवरून फिरवला.

नसरीनची निवड झाली. सर कौतुकानं म्हणाले, "भाऊ, अशी किक शिकवली कोनं हिले?"

"मीच तं!" मन्सूर छाती काढून म्हणाला. "खालून मारायची लय खराब सवय लागलती पोरीले."