सोनवणेकाका आणि गार हवेचा हिटर

सोनवणेकाका कुणाच्याही गाडीत बसले की आधी हिटर लावतात. मे महिना असो, बाहेर डांबर पातळ झालेलं असो, त्यांना फरक पडत नाही. इंजिन तापलं की पंखा पूर्ण सोडायचा, उजव्या हाताची पाठ जाळीसमोर धरायची, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात काहीतरी मोजायचं. तोवर मागची मंडळी घामाने निथळत असतात. एकदा आम्ही संत तुकाराम नगरातून आळंदीला एका लग्नाला निघालो होतो. मागे बसलेले नवरदेवाचे मामा कळवळून म्हणाले, "अहो, निदान काच तरी खाली करा!" काका डोळे न उघडता म्हणाले, "काच खाली केल्यावर टेस्ट काय करू, कपाळ?"

काका माझे समोरचे शेजारी. एका गाड्यांच्या कंपनीत सगळी नोकरी झाली, आधी पिंपरीत, मग प्लांट चाकणला गेला तसे तिकडे. काम एकच, लाइनवर आलेल्या गाडीत हिटर बसवायचा आणि तपासायचा. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. बर्फ पाहिलं ते फ्रीजमधलं. पण हिटर म्हणजे गाडीचा आत्मा, यावर त्यांचा पूर्ण विश्वास. मी चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, म्हणून ते मला "क्वालिटीवाले" म्हणतात. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. कारण आमचं सगळं काम मीटरवर चालतं आणि काकांचं म्हणणं, "काटा खोटं बोलंल, हात न्हाई बोलणार."

मागच्या वर्षी मी सेकंडहँड गाडी घेतली. पेढे हातात घेऊनच काका आत बसले, हिटर लावला आणि त्यांचा चेहरा पडला. हवा गार. बॉनेट उघडलं तर काळेवाडीकडच्या कुण्या मेकॅनिकने करामत केलेली. हिटरमधून पाणी गळत होतं म्हणून त्या पठ्ठ्याने दोन पाइप एकमेकांना जोडून हिटरच वगळून टाकला होता. आपल्याकडे सर्रास असंच करतात, हिटर लावतंय कोण? पण काकांनी त्या गाडीकडे एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. दोन रविवार घालवून त्यांनी नवा हिटर बसवला. आज माझ्या गाडीचा हिटर फर्स्ट क्लास चालतो आणि मी तो कधीही लावत नाही.

काकू जाऊन सहा वर्षं झाली. घरात काका आणि त्यांची मुलगी सुजाता, दोघंच. सुजाता नर्स झाली तेव्हा काकांनी सगळ्या बिल्डिंगला जिलेबी वाटली. पुढे त्यांनी ओळखी काढून तिच्यासाठी घरापासून दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात जागा बघून ठेवली. आणि ही मुलगी निघाली हिमाचलात, डोंगरातल्या कुठल्याशा छोट्या दवाखान्यात. "हितं काय माणसं आजारी पडत न्हाईत व्हय?" काका ओरडले. "तिथं कुणी जात नाही बाबा, म्हणून मी जाते," ती म्हणाली. दोघंही हट्टी. ती गेली आणि बोलणं बंद झालं. दोन महिने बापलेकीत एक शब्द नाही. काका गॅलरीत बसायचे, फोन मांडीवर ठेवून. तिनं करावा म्हणून हे थांबलेले आणि यांनी करावा म्हणून ती.

एका रविवारी सकाळी मला सुजाताचा फोन आला. "दादा, दवाखान्याच्या गाडीचा हिटर गार हवा मारतोय. खालचा रस्ता बर्फाने बंद आहे, मेकॅनिक येत नाही. मंगळवारी वरच्या वाडीतून एक बाळंतीण आणि चार दिवसांचं बाळ आणायचंय. अशा गाडीत कसं आणू? बाबांना विचार ना. पण माझं नाव सांगू नकोस."

मी काकांकडे गेलो. "काका, माझा एक मित्र आहे, लोणावळ्याचा. त्याच्या गाडीचा हिटर गार हवा देतोय."

लोणावळ्यात कुणालातरी हिटर लागतो, या बातमीनेच काका खूश झाले. "काटा बघायला सांग. इंजिन तापतंय का? काटा वर येत नसंल तर थर्मोस्टॅट गेला."

मी माझ्या घरात जाऊन फोन केला आणि परत आलो. "काटा मधोमध येतो काका. पण वीस मिनिटं लागतात, बाहेर बर्फ आहे ना."

"लोणावळ्यात?"

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं, उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं सगळं. पाच मिनिटांनी बाहेर आले ते कंपनीचा जुना निळा शर्ट घालून. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती.

"लाव मित्राला फोन. स्पीकरवर ठेव. पर मी बोलणार न्हाई. तूच बोल." मग दम घेऊन म्हणाले, "गाडी कुठली, ते विचार."

सुजाताने गाडीचं नाव सांगितलं आणि काका ताठ बसले. "आमचीच हाय! मित्राला म्हणावं, हिटरकडं दोन पाइप जात्यात. दोन्हींना हात लावून बघ. जपून, पंख्यापाशी बोटं नकोत."

"दादा, त्यांना सांग, एक गरम आहे, एक गार."

काकांचे डोळे चमकले. "मित्राला विचार, एवढ्यात पाण्याचं काही काम केलंय?"

"दादा, सांग, मागच्या आठवड्यात एक पाइप फुटला होता. ड्रायव्हरने नवा घातला."

"मग हवा अडकलीय आत! हिटरपातूर गरम पाणी पोचतच न्हाई. गाडीचं तोंड चढाला करायला सांग, म्हंजी हवा वर तोंडाशी येती. आमी चढ हुडकत उड्डाणपुलापातूर जायचो, तिथं काय, डोंगरच हाय. आन् आधी इंजिन पार गार होऊ दे. गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडलं तर तोंड भाजंल. मित्राला हे दोनदा सांग."

मी दोनदा सांगितलं. इंजिन गार व्हायला वेळ लागणार होता, पण फोन कुणीच ठेवला नाही. मी दोघांच्या मधे टेलिफोन ऑपरेटर होऊन बसलो.

"मित्राला विचार," काका छताकडे बघत म्हणाले, "हातमोजे हायेत का."

"दादा, सांग, दोन जोड आहेत."

"मित्राला थंडीत खोकला व्हायचा. आता कसाय?"

"सांग, बरा आहे. आणि त्यांना विचार, बीपीची गोळी घेतात का?"

"सांग, घेतो."

"घेत नाहीत गं," मी म्हणालो. काकांनी मला कोपर मारलं.

मग काम सुरू झालं. टोपण उघडलं, इंजिन चालू केलं, हिटर पूर्ण गरमवर. काका सांगत होते, मी सांगत होतो, सुजाता ड्रायव्हरला हिंदीत सांगत होती. पाइप दाबायचा, सोडायचा, पाणी खाली गेलं की इंजिनाचं न गोठणारं पाणी, म्हणजे कूलंट, वरून भरायचं. "बुडबुडे येत्यात का विचार!" काका आता उभे राहिले होते. येत होते. बराच वेळ येत राहिले. मग थांबले. आणि पलीकडून ड्रायव्हर ओरडला, "मैडम, गरम हवा आ गई!"

काका मटकन खुर्चीत बसले. मी त्यांना मुलगी पास झाली तेव्हा बघितलंय, त्या दिवशीही ते इतके खूश दिसले नव्हते.

"मित्राला सांग..." असं म्हणून ते अडले. मग फोन माझ्या हातातून घेतला. "सुजा, मी एवढी वर्षं हिटर बसवले. कुठं जात्यात, कुणाला ऊब देत्यात, कधी कळलं न्हाई. आज कळलं. तू बरोबर केलंस. बाळाला नीट आण खाली."

काकांनी शर्टाचं न लागणारं बटण उगाच ओढलं.

"आन् मी रागावलो न्हवतो, पोरी. मला एकट्याला करमत न्हवतं. तेवढंच सांगायचं र्‍हायलं."

"बाबा," सुजाता म्हणाली, "आधी ती बीपीची गोळी घ्या."

मी हळूच उठून माझ्या घरी आलो. एक तास झाला, दीड तास झाला, माझा फोन परत आला नाही. मीही मागायला गेलो नाही. दुपारी जिन्यात काकांचा आवाज आला म्हणून दार उघडलं. त्याच निळ्या शर्टात, माझा बंद पडलेला फोन हातात धरून ते वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होते, "माझी पोरगी डोंगरावर नर्स हाय. जिथं कुणी जात न्हाई, तिथं."