सुभेदारांचा कळकाचा उतार

जगदाळे सुभेदार आमच्याकडे चहाला आले, की त्यांच्यापुढे ठेवलेला कप कधी घेत नसत. माझा उचलत आणि आपला माझ्याकडे सरकवत. वर आमच्या हिला म्हणत, "वैनी, राग मानू नगा. तुमच्यावरच न्हाई, माझा कुनावरच इस्वास न्हाई." ही एकदा इतकी चिडली, की तिनं दोन्ही कपांत मीठ घालून आणलं. सुभेदारांनी कप बदलला, घोट घेतला आणि लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "बगितलं मास्तर? म्हनलं न्हवतं, पानी मुरतंय म्हनून?"

हे पाणी त्यांना सगळीकडे मुरताना दिसे. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर नक्कीच पाणी. पोस्टमन दारावरून पुढे गेला तर पत्र दाबलं, थांबला तर आधीच फोडून वाचलं. दोन बायका नळावर बोलत उभ्या राहिल्या, की सुभेदार खिडकीत येऊन खाकरायचे. पाटणकडच्या गावी त्यांचा एक पुतण्या होता. त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. "त्यो माझ्या घरावर टपलाय. मी कवा डोळं मिटतोय ते बगाया मानसं ठेवल्याती त्यानं." बोलताना नजर माझ्यावर. म्हणजे ठेवलेला माणूस मीच!

आधीच्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि करनल. करनल म्हणजे त्यांचा कुत्रा. पाचगणीचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला होता. कुत्रा कसला, रेडकूच! उभा राहिला की त्याचं डोकं माझ्या कमरेला लागे. त्याच्याशी सुभेदार पलटणीतल्या हिंदीत बोलत, कारण, "हुद्द्यानं माझ्यापरीस मोठा हाय त्यो."

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा चढाचा बोळ. त्यामुळे घरांची जोती उंच, आणि सुभेदारांच्या दाराच्या पायऱ्या तर अशा, की चढताना धोतर सावरावं लागे. नव्या लढाईचे दिवस चालू होते, त्याच सुमारास करनल त्या पायऱ्यांवर अडला. वर उभा राही, खाली बघे, मागचे पाय थरथरत, आणि मागे फिरे.

सुभेदारांनी आधी त्याच्यावरही संशय घेतला. "सोंग करतंय. पलटनीत असलं लय बगितल्याती. परेड आली की पोटात दुकतंय." त्यांनी त्याला सबंध सकाळ दारात उभं करून हुकूम सोडले. करनलनं शेवटी दारातच घाण केली आणि शरमेनं मान भिंतीकडे वळवली. सुभेदारांचे हुकूम तिथेच थांबले. त्यांनी स्वतः बादली आणून दार धुतलं.

मग ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी कुत्र्याची कंबर दाबून पाहिली आणि स्वच्छ सांगितलं, "सुभेदार, याची कंबर गेली. तुमच्याकडे बंदूक आहे. आता त्याला सोडवा." सुभेदारांनी डॉक्टरांनाच वाटेला लावलं. संध्याकाळी मला म्हणाले, "डाक्टरला पुतण्यानं चारलंय. कुत्रं गेलं की घर मोकळं." मग आतल्या करनलकडे बघत म्हणाले, "पर मास्तर, ज्या दिवशी त्याला आपल्या पायानं भाईर जाता येनार न्हाई, त्या दिवशी मलाच बंदूक काडाया लागंल. घरात घान करून त्याला जगवायचं न्हाई. त्याला सोसत न्हाई ते." तेवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ठोकाठोकी सुरू झाली. आता संशय घ्यायची पाळी बोळाची आली. रेशनचे, काळ्या बाजाराचे दिवस. दारापासून रस्त्यापर्यंत सुतारानं रुंद फळी टाकलेली दिसल्यावर सगळ्यांना एकच सुचलं: पोती! रात्रीत साखरेची पोती घरंगळत खाली यायची, दुसरं काय? मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू! कुत्र्यासाठी कोणी एवढा खटाटोप करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि विचारावं तर सुभेदार म्हणत, "तुमाला काय करायचंय?" अखेर एक हवालदार येऊन घर तपासून गेला. त्याला सापडला करनल, आणि सुभेदारांच्या तोंडाचा सगळा पट्टा.

फळीवरून करनल घसरला आणि हनुवटीवर आपटला. सुतारानं मुद्दाम गुळगुळीत रंधा मारला, असं ठरलं. मग सुभेदारांनी दगडमातीचा उतार रचला. तो बोळात आला म्हणून नगरपालिकेच्या माणसानं काढायला लावला. त्यानंतर दोन दिवस सुभेदार दिसले नाहीत. खिडकी बंद, खाकरणं बंद. ही म्हणाली, "अहो, बघून तरी या." मी म्हटलं, "गेलो तर हेर ठरेन."

तिसऱ्या दिवशी सकाळी बुरूड आळीतला गणपत सुभेदारांच्या बंद दारापुढे बसलेला दिसला. समोर दोन लांब हिरवे कळक, आणि त्यांवर तो कामट्या आडव्या टाकून काथ्यानं आवळत होता. दारापुढे असलं काम कधी चालतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "गणपत, कधी रे?" त्यानं मान खाली घालून नुसता हात हलवला. सुभेदारांनी त्याला कुणाशी बोलायचं नाही अशी शपथ घातली होती, हे मला काय ठाऊक! मला वाटलं, बिचाऱ्याला बोलवत नाही.

घटकाभरात बोळ भरला. पुतण्या रात्रीच येऊन आत बसला असेल, असं जो तो धरून चालला. तात्या आले. तात्यांच्याशिवाय आमच्याकडचं कुठलंही मयत उठत नसे. पंचा खांद्यावर, हातात नवं मडकं. पाठीमागून गोवऱ्या आल्या, तुळस आली. ज्या दूधवाल्याला सुभेदार रोज शिव्या देत, तो कासंडी खाली ठेवून डोळे पुसत होता. आमची ही सुद्धा पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीठ घालायला नको होतं हो मी." तात्यांनी बांधणी तपासली आणि कुजबुजले, "गणपत, रुंद झालीय रे. चौघांना पेलायची नाही."

तेवढ्यात दार उघडलं. दारात सुभेदार! बंडी, मुंडासं, मिशांना पीळ.

सुभेदारांनी एकेकाकडे पाहिलं. "काय हाय? कशाला जमलाय? पुतण्यानं धाडलं काय तुमास्नी?" मग नजर तात्यांच्या हातावर गेली. "आन मडकं कशाला आनलंय?"

तात्यांनी मडकं पाठीमागे लपवलं. दूधवाला मात्र भोळा. तो म्हणाला, "आवं सुभेदार, तुमी गेला म्हनून आलो आमी."

सुभेदारांनी कळकांकडे पाहिलं, गोवऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बंदूकच बाहेर येते. पण गणपतच्या मदतीनं त्यांनी ते कळकाचं जाळं उचलून उंबऱ्याला लावलं, वर गोणपाट अंथरलं आणि आत हाक मारली, "चलो करनल, आगे बढो."

करनल आला, पुढचा पाय टाकला. काथ्या कुरकुरला, तसा पाय मागे. तोही सुभेदारांच्याच घरात वाढलेला. साहजिकच त्याचाही कशावर विश्वास नव्हता. मग त्या ताठ म्हाताऱ्यानं सगळ्या बोळादेखत हातपाय टेकले आणि त्या उतारावरून तो रांगत खाली आला. "बगितलंस? काय बी न्हाई. ये माझ्या राजा, ये." अशी मऊ मराठी त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नव्हती. कुणी हसलं नाही.

करनल पुढे निघाला. निम्म्यात आला आणि कळक वाकले. "मोडतंय!" सुभेदार ओरडले. तात्यांनी मडकं बाजूला ठेवलं आणि उताराखाली शिरून कळकाला खांदा दिला. दुसऱ्या बाजूला दूधवाला, त्याच्यामागे मी आणि गणपत. डोक्यावरून ते धूड एकेक पाऊल टाकत गेलं. माझ्या मानेवर त्याची लाळ गळत होती. शेवटी चारही पाय बोळातल्या मातीला लागले. करनलनं आधी समोरच्या खांबाशी पाय वर करायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा तसाच उभा राहून मोकळा झाला. तात्यांनी टाळीच वाजवली.

हळूहळू माणसं पांगली. तात्या ओशाळून मडकं उचलायला गेले, तर सुभेदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. करनलला पानी ठेवतो त्यात."

मी निघालो, तशी त्यांनी माझी बाही धरली आणि मला बोळाच्या कडेला घेतलं.

"मास्तर, खरं सांगा. कुनी धाडलं न्हवतं?"

"कोण धाडणार, सुभेदार?"

"मंग मी गेलो आसं वाटलं, आन ही समदी आपल्या मनानं आली?"

"आली की. तुमच्यासाठी आली."

ते कितीतरी वेळ माझा चेहरा तपासत राहिले. त्यात काही सापडेना, तेव्हा मटकन खालीच बसले आणि करनलचं मोठं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्यांना रडू आवरेना.

"ऐकलंस का रं, करनल? आली व्हती म्हनं. आन आपन दोगं उगंच काळजी करत बसलो व्हतो, की मला न्यायला कुनी येनार न्हाई."