मंगळवारची दोन तास चाळीस मिनिटं

तुम्हाला म्हणून सांगतो, वेळापत्रकाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! गेली एकोणीस वर्षं मी बस डेपोत फेऱ्या आखतो. ब्याण्णव बस, दोनशे ड्रायव्हर, आणि एक बस दुसरीच्या वाटेत येत नाही. आलीच, तर ती ड्रायव्हरची चूक. असा माणूस घरात असताना बायकोने आपल्या पदवीचं वेळापत्रक परस्पर आखावं, हे माझ्या मनाला फार लागलं होतं.

बायकोची इंग्रजीची पदवी लग्नाआधी अर्धवट राहिली होती. सहा विषय बाकी. यंदा तिने पुन्हा कॉलेजात नाव घातलं. दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेता घेता, पंधरा दिवस खपून तिने सहा विषय ठरवले. त्यातले पाच घ्यावे लागणार होते म्हणून, आणि सहावा तिला हवा होता म्हणून! तो म्हणजे लेखन कार्यशाळा. जागा फक्त अठरा. शिकवणाऱ्या मॅडम या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे पुढच्या वर्षापासून कार्यशाळा बंद. नोंदणीच्या दिवशी ती सकाळी सहापासून कॉम्प्युटरला चिकटून होती. सतरावी जागा मिळाली तेव्हा खुर्चीतून उठून चक्क नाचली. आमच्या घरात त्याआधी कुणी नाचल्याचं मला आठवत नाही.

आणि मग आली माझी साप्ताहिक सुट्टी.

सुट्टी मला सोसत नाही. सकाळी दहापर्यंत मी दोन नळ आवळले, एक कपाट रिकामं करून पुन्हा भरलं, घड्याळं मिनिटाला मिनिट लावली. बायको दवाखान्यात. कॉम्प्युटर उघडा. पडद्यावर तिचं वेळापत्रक. वर लाल अक्षरांत, ‘विषय बदलण्याची मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत.’

नुसतं बघायचं म्हणून बसलो. देवाशप्पथ!

मंगळवारी नाटकाचा तास सुटतो अकराला. कार्यशाळा सुरू होते एक चाळीसला. मध्ये दोन तास चाळीस मिनिटांचं भगदाड! डेपोत एखादा ड्रायव्हर एवढा वेळ बसून राहिला, तर मला वरून बोलावणं येतं. मला बघवेना. म्हटलं, नाटक दुपारच्या तुकडीत टाकू. पण तिथे कार्यशाळा आड येत होती. मग कार्यशाळा दोन मिनिटं बाजूला काढू, नाटक सरकवू, कार्यशाळा परत बसवू. बस मागेपुढे करताना आपण हेच करतो की!

‘काढा’ असं बटण होतं. दाबलं.

‘आपली जागा मुक्त करण्यात आली आहे. धन्यवाद!’

नाटक सरकवलं आणि कार्यशाळेवर परत आलो, तर उत्तर आलं, ‘वर्ग पूर्ण. प्रतीक्षायादीत आपला क्रमांक एकतीस.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईत नाटक पुन्हा सकाळी न्यायला गेलो, ते चुकून पार उडालं. त्याच्यामागे समीक्षाही गेली. नाटकाशिवाय समीक्षा घेता येत नाही म्हणे! सहा विषयांचे तीन झाले, तेही तीन मिनिटांत. शेवटी एक विषय दिसला, ‘तांत्रिक लेखन : अहवाल आणि सूचनापत्रे’. साठ जागा, अठ्ठावन्न रिकाम्या! लेखन ते लेखन, म्हणून तो घेऊन टाकला आणि कॉलेजला फोन लावला.

“मदत कक्ष, बोला,” एक बाई म्हणाल्या.

“अहो, माझ्या हातून बायकोची जागा गेली! मी तिला काढून टाकलं!”

“कधी?”

“आत्ताच. साडेदहाला.”

“त्यांना माहीत आहे?”

“नाही ना! तिला कळायच्या आत परत घ्यायचंय. पण तिच्या जागी लगेच दुसरी आली!”

“लगेच?”

“अहो, तीस जणी रांगेत होत्या!”

“साहेब, शांत व्हा,” बाई अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या. “मी तुम्हाला समुपदेशन विभागाला जोडून देते.”

समुपदेशकाने मला वीस मिनिटं खोल श्वास घ्यायला लावले. नात्यात कधीपासून अंतर पडलं, असं विचारलं. मी म्हटलं, दोन तास चाळीस मिनिटांचं, तेच तर भरत होतो! त्याने हे कुठेतरी लिहून घेतलं. मी फोन ठेवला, चपला अडकवल्या आणि कॉलेज गाठलं.

मॅडमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्या जमिनीवर बसून खोक्यांत पुस्तकं भरत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. बसा म्हणाल्या तरी बसलो नाही. बोलता बोलता त्यांची दोन खोकी उंचीप्रमाणे लावली.

“ती असू द्या,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या सहीने एक जागा वाढवता येते. पण विद्यार्थ्याने एक पान लिहून द्यायचं, कार्यशाळा का हवी म्हणून. पाचच्या आत.”

“एवढंच ना! मी लिहितो तिच्या वतीने.”

लिहिलं. ‘विषय : जागा परत मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर पत्नी ही गरजू असून...’

मॅडमनी तिथपर्यंत वाचून कागद परत दिला. “तुम्हाला तांत्रिक लेखन शिकायची गरज नाही. बायकोला बोलवा.”

बायकोला फोन करण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं! “येते,” एवढंच म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमकडून कोरा कागद घेतला आणि व्हरांड्यातल्या बाकावर लिहायला बसली. मी येरझाऱ्या घालत होतो. “अहो, सावली पडतेय,” ती मान वर न करता म्हणाली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पान भरलं. तिने दुसरं मागितलं, मग तिसरं, मग चौथं. तिचे कान लाल झाले होते, ओठ हलत होते. मला एकदम भयंकर लाज वाटली. हिला हे इतकं हवं होतं, आणि मी त्यात भगदाड शोधत बसलो होतो.

पाचला बारा मिनिटं कमी असताना मॅडम वाचायला बसल्या. पहिल्या पानावर गंभीर होत्या. दुसऱ्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यावर हसू दाबलं. चौथ्यावर ते दाबता आलं नाही. मग त्यांनी सही केली आणि तांत्रिक लेखन काढून नाटक, समीक्षाही जागच्या जागी बसवून दिली.

“एकोणिसावी जागा,” त्या म्हणाल्या. “खुर्ची मात्र शेजारच्या वर्गातून आणावी लागेल.”

खुर्ची मी आणली. दोन आणल्या.

त्या चार पानांची बायकोने पुढे कथा केली आणि कार्यशाळेत वाचून दाखवली. संध्याकाळी ती घरी आली, तर मी दारातच उभा.

“काय म्हणाले सगळे?”

“भाषा आवडली. संवाद आवडले. पण नवऱ्याचं पात्र कुणालाच पटलं नाही. असा माणूस असूच शकत नाही म्हणाले.”

“अगं, पण मॅडमनी मला बघितलंय! त्या काही बोलल्या नाहीत?”

“बोलल्या ना. म्हणाल्या, माणूस खरा आहे, पण कथेत चालणार नाही. पुढच्या तासाला त्याला जरा शहाणा करून आणा.”

“मग?”

“मग काय!” पर्स खुंटीला अडकवत ती म्हणाली. “बावीस वर्षांत जमलं नाही, ते आठ दिवसांत कुठून जमवू?”