गळक्याचे तीन प्रश्न

रविवारी सकाळी यादीत त्रेचाळीस प्रश्न होते. घरदुरुस्तीच्या त्या संकेतस्थळावर लोकच प्रश्न विचारत आणि लोकच उत्तरं देत. जुनाच प्रश्न पुन्हा आला, की 'आधीच विचारलेला' असा शिक्का मारायचा, जुन्या उत्तराची लिंक जोडायची आणि प्रश्न बंद करायचा. हे बिनपगारी काम ताई करत असे. तिथे तिचं नाव 'काटेकोर' होतं. एका प्रश्नाला तिला सरासरी अकरा सेकंद लागत.

सतरावा प्रश्न 'गळका' नावाच्या नव्या सभासदाचा होता. 'वॉशिंग मशीनखाली पाणी साचतं.' खाली लांबलचक मजकूर होता, पण ताईला शीर्षक पुरलं. असाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. उत्तर होतं, नळाकडच्या पाइपचा वायसर बदला. शिक्का, लिंक, बंद.

पाऊण तासाने गळका पुन्हा हजर. 'वॉशिंग मशीनखाली पाणी, आता दोन ठिकाणी.' ताईने नऊ सेकंदांत तोही बंद केला आणि वर लिहिलं, 'कृपया जुनं उत्तर नीट वाचा.'

तिसरं शीर्षक होतं, 'वॉशिंग मशीनखाली पाणी, हात जोडून विनंती.'

"काय चिकट माणूस आहे!" ताई पुटपुटली आणि तिने गळक्यावर सात दिवसांची बंदी घातली.

इतक्यात तिच्या पायाला गार लागलं. दाराखालून पाणी खुर्चीपर्यंत आलं होतं. कानांवरचे हेडफोन काढून ती बाथरूमकडे धावली. बाबा गुडघ्यांवर बसले होते. एका हातात तुटका नळ, दुसऱ्या हाताचा अंगठा भिंतीतल्या भोकावर, आणि फोन दातांत. आई मेन कॉक बंद करायला धावली होती. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या.

"अहो, माझ्या छतातून धार लागलीय! संध्याकाळपर्यंत थांबलं नाही ना, तर मी सोसायटीत तक्रार करणार!"

पाणी थांबलं. बाबांनी फोन तोंडातून काढला.

"तो काटेकोर नावाचा प्राणी! वायसर बदल म्हणाला, बदलला. तर तिथूनही गळायला लागलं. नीट वाच म्हणाला, वाचलं, आणखी आवळलं. नळच हातात आला! आता मलाच हाकललंय!"

"पण तुम्ही कशाला त्याचं ऐकलंत?" आई म्हणाली.

"नावावरून माणूस बरा वाटला गं."

ताई म्हणाली, "बाबा, मला का नाही विचारलंत?"

"विचारणार होतो. पण तू लगेच म्हणतेस, 'हे मागेच सांगितलंय.'"

ताईने फोन उघडला आणि गळक्याचा पहिला प्रश्न शेवटपर्यंत वाचला. 'पाणी भरताना थेंबही पडत नाही. पाणी बाहेर सोडतानाच पडतं. तीनदा खाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलं.' जुना प्रश्न भरतानाच्या गळतीचा होता. तिने मशीन पुढे ओढलं. मागच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपला बोटभर चीर होती.

"बाबा," ती म्हणाली, "काटेकोर मीच."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या नळाकडे.

"म्हणजे घरचाच माणूस निघाला!" काकू म्हणाल्या.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "आधी माझी बंदी उठव."

प्लंबरने नळ बसवला, बाबांनी नवा पाइप. संध्याकाळी मशीनखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं. काकू स्वतः येऊन हात लावून गेल्या. ताईने बंदी उठवली, प्रश्न उघडला आणि बाबा त्याचं उत्तर लिहायला बसले.

थोड्या वेळाने ते तिच्या दारात आले.

"ताई, त्या चिरेचा फोटो टाकायचाय. कसा जोडायचा गं?" ते जरा अडखळले. "तू मागे सांगितलं होतंस."

हे ते पाचव्यांदा विचारत होते. ताईने दुसरी खुर्ची ओढली.

उत्तराला सहा मिनिटं वीस सेकंद लागली.